साधं गणित

सोजरा मॅट्रिकला फर्स्ट क्लासात पास झाली, तेव्हा इंद्रभाननं मारुतीच्या पारावर बसून सगळ्या गावाला गूळ-शेंगदाणे वाटले. मेहकर-लोणार रस्त्यापासून आत असलेल्या त्या गावात मॅट्रिक झालेली ती पहिलीच मुलगी. लोक सोजराचं कौतुक करत होते, पण त्याहून जास्त इंद्रभानचं. मुलीला मेहकरच्या हायस्कुलात घालणारा, रोज सकाळी सायकलवर बसवून सडकेपर्यंत सोडणारा, बस येईपर्यंत तिथं उभा राहणारा बाप त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. त्याच्या बहिणीनं, गोजरबाईनं, सोजरा आठवीत असतानाच स्वतःच्या पुतण्याचं स्थळ आणलं होतं. इंद्रभाननं चारचौघांत सांगितलं की पोरीचं शिक्षण झाल्याशिवाय हा विषय नको. गोजरबाई त्या वर्षी दिवाळीला माहेरी आली नाही.

घरात विरोध होता तो सोजराच्या आईचा. गीताबाई तोंडावर बोलायची. शिकलेल्या पोरीला नवरा मिळत नाही, मिळाला तर तो सुखानं नांदवत नाही, हे ती भाकरी थापतानाही सांगायची आणि निंदायला गेल्यावर वाफ्यातही. सोजरा तिच्याशी भांडायची आणि मग बापाकडे बघायची. इंद्रभान हसून म्हणायचा की तू शिक, मी आहे.

सोजराला शिकायचं होतं ते सायन्स. त्याचं मूळ लोणारच्या बाजारात होतं. इंद्रभान बाजाराच्या दिवशी वांगी-मिरची घेऊन लोणारला जायचा तेव्हा लहान सोजराला बरोबर न्यायचा, आणि माल खपला की तिला सरोवराच्या काठाशी उतरवायचा. तिथलं पाणी तिच्या बोटांना साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागे. असं काऊन, हे ती बापाला विचारायची आणि बापाला ते सांगता यायचं नाही. आठवीत तिनं ते पाणी बाटलीत भरून शाळेत नेलं. गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या सावळे सरांनी त्यात लाल लिटमसचा कागद बुडवला. कागद निळा झाला. सर म्हणाले, याच्यापुढचं कॉलेजात शिकवतात. त्या दिवसापासून सोजराच्या डोक्यात कॉलेज बसलं.

नववीत विषय निवडायचे होते. शाळेत गणित दोन प्रकारचं होतं. एक साधं गणित, म्हणजे हिशेब, व्याज, क्षेत्रफळ. दुसरं वरचं गणित, म्हणजे बीजगणित आणि भूमिती. साधं गणित घेणाऱ्या मुलींना जोडीला गृहशास्त्र मिळे. पालकांना शाळेत बोलावलं होतं. इंद्रभान धुतलेलं धोतर नेसून गेला आणि दिवस मावळायच्या आत परत आला. त्यानं सांगितलं की हेडमास्तरांच्या मते मुलींनी साधं गणितच घ्यावं, पण त्यानं पुढं काही अडत नाही.

"सायन्सले बी नाई अडत?" सोजरानं विचारलं.

"सायन्सले बी नाई अडत. मी दोनदा इचारलं."

तिनं विश्वास ठेवला. बाप दोनदा विचारून आला होता, आणखी काय पाहिजे. एकच गोष्ट तिला कळली नाही. त्या वर्षापासून सावळे सर तिच्याशी बोलेनासे झाले. वर्गात विज्ञान शिकवताना ते तिला प्रश्न विचारत नसत. तिनं हात वर केला तर दुसऱ्याला उठवत. आपल्या हातून काय चुकलं याचा ती अकरावीपर्यंत विचार करत राहिली.

निकालानंतर बाप-लेक अकोल्याला गेले. तिथल्या कॉलेजात प्री-युनिव्हर्सिटीच्या सायन्सचे प्रवेश सुरू होते. टेबलाशी एक प्राध्यापक बसले होते. त्यांनी सोजराची गुणपत्रिका बघितली, गुणांवर मान डोलावली, आणि मग बोट एका ओळीवर थांबवलं.

"साधं गणित घेतलंय तुम्ही?"

सोजरानं हो म्हटलं.

त्यांनी गुणपत्रिका परत केली. सायन्सला बीजगणित-भूमिती लागते, हा विद्यापीठाचा नियम आहे, गुण कितीही असले तरी त्यात सूट नाही, असं त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. आर्ट्सला हवं तर आजच प्रवेश देतो, म्हणाले. सोजराला काही सुचेना. आमच्या हेडमास्तरांनी चालतं म्हणून सांगितलं होतं, एवढंच ती कशीबशी बोलली. प्राध्यापकांना नवल वाटलं. हे तर प्रत्येक हायस्कूलला माहीत असतं, ते म्हणाले. मागच्या मुलाचा नंबर आला होता.

इंद्रभान थोडा बोलला. असा कसा नियम, पोरगी फर्स्ट क्लास आहे, अशी दोन वाक्यं बोलून तो बाजूला झाला. परतीच्या बसमध्ये सोजरा खिडकीला डोकं टेकून रडत होती. त्यानं उपरण्यानं तिचे डोळे पुसले आणि म्हणाला की सरकारच्या नियमापुढं आपण काय करणार. मेहकर जवळ आल्यावर तो हळूच म्हणाला की गोजरबाईचा पुतण्या आता सोसायटीत सेक्रेटरी झाला आहे, पोरगा वाईट नाही. सोजरानं ऐकलं, पण तेव्हा तिला त्यात काही दिसलं नाही.

आठवडाभर ती घरातून बाहेर पडली नाही. मग तिच्या मनात आलं की बीजगणित-भूमितीचा एवढा एकच पेपर पुढच्या वर्षी बाहेरून देता आला तर? शाळेत काम आहे असं सांगून ती मेहकरला गेली आणि भीतभीत सावळे सरांच्या घरी उभी राहिली. सरांच्या बायकोनं, आशाबाईंनी, तिला पाट दिला. सर बाहेर आले ते रागातच. बीजगणित शिकायचंय असं ती म्हणताच, आता कशाला गणित आठवलं, त्यांनी विचारलं.

सोजरानं अकोल्याचं सगळं सांगितलं. हेडमास्तर म्हणाले होते की अडत नाही, असंही सांगितलं.

सर तिच्यासमोर बसले. मग त्यांनी विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

"सोजरा, हेडमास्तरांनी त्यांना उलटं सांगितलं होतं. मी तिथंच होतो. सायन्सला जायचं असेल तर या मुलीला वरचं गणित द्या, हे मीच त्यांना हात जोडून म्हणालो. तुझे वडील म्हणाले, पोरगीच नको म्हणते. तिला गणिताची भीती वाटते, तिला गृहशास्त्र पाहिजे. मला तुझा राग आला. मी तुला एकदा विचारायला पाहिजे होतं."

आशाबाईंनी चहा आणला होता. सोजरानं कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. बाबांचा ऐकण्यात घोटाळा झाला असेल, असं ती म्हणाली. सरांनी मान हलवली, नाही म्हणून. तिला कळलं. गावाकडच्या बसमध्ये तिला एकेक आठवत गेलं. अकोल्यात बाप लवकर बाजूला झाला होता ते, आणि मेहकर जवळ आल्यावर निघालेलं स्थळाचं बोलणंही.

इंद्रभान मळ्यात मिरचीला पाणी देत होता. विहिरीवर सालदार मोट हाकत होता आणि तो फावड्यानं एकेका वाफ्याचं बारं फोडून पाणी वळवत होता. सोजरा बांधावर उभी राहिली.

"तुमी सरले सांगतलं का मीच नको म्हणते?"

त्याचं फावडं थांबलं. पाणी भरलेल्या वाफ्यावरून बाहेर वाहू लागलं तरी त्यानं ते वळवलं नाही. कोण म्हणे, असं त्यानं एकदा विचारलं, आणि तिनं उत्तर दिलं नाही तेव्हा तो बांधावर टेकला.

"मले तुले नाई म्हणता येत नोतं, बाई," तो म्हणाला. "इतक्या दूर शहरात एकटी पोरगी कशी ठेवू? तुही आत्या नाव ठेवे, भाऊबंद नाव ठेवत. पण तुह्या तोंडाकडं पाह्यलं का माह्या तोंडातून नाई निघे ना. मले वाटलं, माह्याऐवजी नियमच नाई म्हणीन. नियमावर कोणी रुसत नाई."

"मग अकोल्याले कायले नेलं मले?"

त्यानं फावड्याला लागलेली माती बोटांनी काढली. "तुले खोटं वाटू नये म्हणून," तो म्हणाला.

सोजराला वाटलं होतं की आपण ओरडू. पण रडूसुद्धा आलं नाही. त्यानं तिला सरळ नाही म्हटलं असतं तर ती भांडली असती, उपाशी राहिली असती, हरलीही असती कदाचित. त्यानं तिला भांडायला जागाच ठेवली नव्हती. तीन वर्षं तो तिला सायकलवर सडकेपर्यंत सोडत होता, आणि जिथं जायचं तिथलं दार त्यानं आधीच लावून ठेवलं होतं.

घरी गीताबाई ज्वारी पाखडत होती. सोजरानं तिला विचारलं, तुला माहीत होतं का? गीताबाईनं सूप खाली ठेवलं. हो, म्हणाली.

"अन् तू सांगतलं नाई."

"नवऱ्याचं कसं सांगू? मी तं तुले समोरून आडवी येत होती. शिकू नको म्हणून रोज सांगत होती. असं पाठीमागून करणं मले नाई पटलं." सूप पुन्हा हातात घेऊन ती म्हणाली, "पण मी बी गप्पच राह्यली."

त्या रात्री सोजरा जेवली नाही. बाप दोनदा बोलवायला आला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ते वर्ष तिनं घरात काढलं. दर रविवारी ती सावळे सरांकडे जायची. जाताना ती बापाच्या सायकलवर बसली नाही, सडकेपर्यंत चालत गेली. इंद्रभान पहिले काही रविवार सायकल काढून अंगणात उभा राहायचा, मग त्यानं ते सोडलं. भूमितीनं तिला फार छळलं. तिच्या वयाच्या मुली सासरी गेल्या. गोजरबाईच्या पुतण्याचंही लग्न झालं. मार्चमध्ये तिनं पेपर दिला आणि ती पास झाली. गुण काही मोठे नव्हते, पण नियमाला ते पुरत होते.

अकोल्याला या वेळी गीताबाई बरोबर गेली. मेहकरच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. सगळ्या वाटेनं तिला बस लागली. पालकाच्या सहीच्या जागी तिनं अंगठा उठवला आणि प्राध्यापकांना विचारलं की पोरी राहतात तिथं दाराला कडी आहे ना.

पुढं गावात वेगळीच गोष्ट पसरली. पोरीसाठी इंद्रभान अकोल्यात साहेबाशी भांडला, नियमापुढं हटला नाही, वर्षभर शिकवणी लावली आणि शेवटी तिला सायन्सला घातलंच. पारावर कोणी असं म्हटलं की इंद्रभान मान खाली घालायचा, पण नाही म्हणायचा नाही. लोकांना तो नम्रपणा वाटायचा. सोजरानंही ते कधी खोडून काढलं नाही. कोणाजवळ काढणार? आपल्या बापानं आपल्याला फसवलं, हे सांगायला तिला तोंड उघडवलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. इंद्रभान कॉलेजचं विचारायचा, ती सांगायची. उत्तरं पुरी असत, उद्धट नसत. गीताबाईला वाटलं की आता सगळं ठीक झालं.

सुट्टी संपल्यावर तो तिला मेहकरच्या स्टँडवर सोडायला आला. पेटी खाली ठेवून तो चौकशी करून आला आणि म्हणाला, "अकोल्याची गाडी इथंच लागते. मी इचारून आलो."

सोजरानं मान हलवली. मग पिशवी पेटीवर ठेवली, गर्दीतून वाट काढत कंट्रोलरच्या खिडकीशी गेली, आणि अकोल्याची गाडी कुठं लागते ते स्वतः विचारलं. कंट्रोलरनं तीच जागा दाखवली.

ती परत आली तेव्हा इंद्रभान तिच्याकडे बघत होता.  गाडी आली. त्यानं पेटी टपावर चढवली आणि ती आत जाऊन बसली.