झाकणावरची बेचाळिसावी ओळ

मित्रांनो, माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला बेचाळीस ओळी आहेत. प्रत्येक ओळीत एक वस्तू आणि एक साल. यातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी घरीच विसरून राहिली होती. नवा पाहुणा ते वाचतो, हसतो आणि विचारतो, "हे काय प्रकरण आहे?" तेच आज सांगते. मी पाईनच्या लाकडाची एक जुनी पेटी आहे. तळ्याकाठच्या केबिनवर जाताना पातेली, कॉफी, पीठमीठ माझ्यातून जाते.

मला आइलीच्या बाबांनी, म्हणजे रेइनोंनी बनवले, अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या घराच्या तळघरात, आइली जन्मली त्या हिवाळ्यात. वर बाळ झोपलेले असे म्हणून त्यांनी हातोडा घेतलाच नाही. एक एक स्क्रू हाताने पिळून मला जोडले. माझे सांधे आजही घट्ट आहेत ते त्यामुळे. आइली आणि मी एकाच वर्षीच्या, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणते. धक्क्यावर होडीत चढवताना कुणी विचारले, "छान आहे हो पेटी, कुणी केली?" तर ते म्हणत, "हिवाळ्याने केली. मी नुसता बसून होतो."

आमच्या सहलीची सुरुवात एका फोनने होई. बाबांचे धाकटे भाऊ व्हर्नरकाका तिकडे तळ्याजवळच्या गावात राहतात. मे महिन्याच्या आसपास तळे वितळले की ते फोन करून दोनच शब्द बोलत, "बर्फ गेला!" की लगेच मला तळघरातून वर आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले जाई. उजवा पट्टा आई धरी, डावा बाबा. मग बाबा माझे झाकण उघडून हजेरी घेत.

"मीठ?"

"घेतलं."

"ओपनर?"

"घेतला."

"व्हर्नरची कवळी, दोन हजार नऊ?"

"ती त्यांच्या तोंडात असू दे, देवाला एवढंच मागणं," आई म्हणे.

आइली सात वर्षांची असताना तिने विचारले होते, "बाबा, वल्ही का नाही लिहिली? ती तर किती महत्त्वाची!"

"वल्ही आपण कधी विसरलो नाही," बाबा म्हणाले. "न विसरलेल्या वस्तूला या झाकणावर जागा नाही."

मित्रांनो, मला हा नियम फार आवडे. दर वर्षी वाटे, यंदा काय राहील? भर रस्त्यात कुणीतरी "अरे!" असे ओरडले की मी पट्ट्यांच्या आत कान टवकारी. एका वर्षी कॉफी राहिली, तेव्हा आई पुढचे साठ मैल कुणाशी बोलली नाही. केबिनवर पोहोचताच बाबांनी दोरीला बांधलेली पेन्सिल ओढली आणि गुपचूप लिहिले, "कॉफी, १९८६."

आणखी एका गोष्टीचे मला कुतूहल होते. सगळी बांधाबांध झाली की बाबा दारामागच्या खिळ्यावरचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरीचा कोट अंगात चढवत, उजवा खिसा थोपटत आणि म्हणत, "चला." त्या खिशात काय असे? माझ्यात कधी ठेवले नाही, म्हणून मला कधी कळले नाही. केबिनच्या किनाऱ्यावर उतरल्यावर मी पट्ट्यांनी बंद असे. मला ऐकू येई ती फक्त दाराची कुरकुर.

मग तीन उन्हाळे मला कुणी वर नेले नाही. माझ्यावर रंगाचे डबे आले, त्यांवर जुनी वर्तमानपत्रे. एका उंदराने डाव्या पट्ट्याचे टोक कुरतडले. वरच्या मजल्यावर आधी चाकाच्या खुर्चीचा आवाज येई, नंतर तोही थांबला. एका दुपारी खूप पावले आली, खूप वेळ थांबली आणि एकेक करून निघून गेली. मी झाकणाखाली एकेचाळीस ओळी पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात आइली एकटीच खाली आली. तिने रंगाचे डबे बाजूला केले, ओल्या फडक्याने मला पुसले आणि दोन्ही पट्टे स्वतःच धरून पायरी-पायरीने वर नेले.

आई टेबलाशी बसली होती. "एकदा जाऊन बघू," ती म्हणाली. "आपल्याच्यानं निभलं, तर केबिन ठेवू. नाही तर पलीकडच्या किनाऱ्यावरचे ते नवरा-बायको विचारतायत, त्यांना देऊन टाकू. मला ओढाताण नको, आइली."

"बरं," आइली म्हणाली आणि झाकण उघडून वाचू लागली. तिचा आवाज कुठे अडला नाही. कवळी काकांच्या तोंडात होती, बाकीच्या चाळीसच्या चाळीस वस्तू माझ्यात बसल्या. "एकही सुटली नाही," ती म्हणाली. तिला ते नीट करून दाखवायचे होते, हे मला कळत होते.

झाकण बंद होण्याआधी मी पाहिले, कोट दारामागेच होता. मला वाटले, मागून येईल.

चार तास गाडी, मग व्हर्नरकाकांची होडी. मला पायऱ्यांवर ठेवले. मी दाराच्या कुरकुरीची वाट पाहत राहिले, पण ती आली नाही.

"किल्ली?" आईने विचारले.

खिसे चाचपल्याचे आवाज आले.

"यादीत नव्हती," आइली म्हणाली.

"यादीत कशी असेल?" काका म्हणाले. "रेइनो ती कधी विसरलाच नाही!"

"काका, तुमच्याकडे एक होती ना?"

"होती. सत्त्याण्णव साली मी एक खिडकी उघडी टाकून गेलो, तर खारींनी गाद्यांत संसार थाटला. तुझ्या बापानं त्याच दिवशी किल्ली काढून घेतली. सख्ख्या भावाकडून!"

"कोटात आहे," आई हळूच म्हणाली. "उजव्या खिशात. त्या कोटाला मी अजून हात लावलेला नाही."

"मीपण नाही," आइली म्हणाली.

मित्रांनो, इतक्या वर्षांचे माझे कुतूहल असे शमले. शमले नसते तरी चालले असते.

"वहिनी, काच फोडू का?"

"खबरदार! नवी बसवायला तो नाहीये आता."

"परत जाऊ या," आइली म्हणाली. "माझंच चुकलं. एवढंसं काम, तेही जमलं नाही. देऊन टाक केबिन त्या लोकांना."

आईची पावले पायऱ्यांवरून पाण्याच्या दिशेने गेली. मग तिकडून तिचा आवाज आला, "व्हर्नर, सौनाला कुलूप आहे का?"

काका इतके हसले की कवळी सावरावी लागली. सौनाला कुलूप घालणे आमच्याकडे कुणाला सुचतही नाही. पाण्याच्या कडेला ती वाफेच्या स्नानाची झोपडी आहे, दोन बाके आणि एक शेगडी. त्या बाकांवर मायलेकी झोपल्या आणि काका व्हरांड्यात. त्यांना आत घेतले नाही, कारण ते घोरतात. मला मधोमध ठेवले. मी टेबल झाले, खुर्ची झाले, एकदा उशीसुद्धा. वाटाण्याचे सूप शेगडीवर शिजले, तळलेल्या माशांना मीठ कमी पडले नाही आणि कॉफी भरपूर होती. केबिनचे दार तीन दिवस उघडले नाही.

निघायच्या सकाळी आईने माझे झाकण वर केले आणि दोरीची पेन्सिल आइलीपुढे धरली. "लिही."

"सगळं बाबांच्या अक्षरात आहे, आई. मध्येच माझं येईल."

"मध्ये नाही, खाली येईल. लिही, म्हणजे पुढच्या वर्षी विसरायची नाही."

आइलीने आईकडे पाहिले. "पुढच्या वर्षी?"

"मग काय, दर वर्षी बाकावर झोपायचं? माझी पाठ बघ."

आइलीने लिहिले, "किल्ली, २०२४." तिचे अक्षर बाबांपेक्षा बारीक आहे. टोक जोरात दाबल्यामुळे ते लाकडात जरा रुतले आहे.

यंदा मे महिन्यात फोन आला, तेव्हा उजवा पट्टा आईने धरला आणि डावा आइलीने. हजेरी सुरू झाली. बेचाळिसाव्या ओळीशी आइली थांबली, उठली, दारामागे गेली आणि कोटाच्या उजव्या खिशात हात घातला. हात लगेच बाहेर आला नाही. आईने घाई केली नाही आणि मीही नाही.

तर मित्रांनो, एवढेच मागणे. मला ओलीत ठेवू नका, माझ्या पट्ट्यांना वर्षातून एकदा तेल द्या. आणि तुमच्या घरात जो कधीच काही विसरत नाही, त्याला आज सवडीने विचारा की त्याच्या खिशात काय काय असते. माझ्या झाकणावर अजून चार बोटे जागा आहे.