बहरामागचे सासरे

धाकटी सून कवळ्या बनवायची. दिवसभर दाताला दात ताडून बघायचं काम, त्यामुळे पांढऱ्याच्या सोळा छटा तिला नुसत्या नजरेने ओळखू यायच्या. घरामागच्या रानात झाडांना पांढराशुभ्र बहर आला, तेव्हा कॅमेरा क्लबच्या प्रदर्शनाला हाच फोटो द्यायचा, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

उन्हात सगळंच पांढरं एकसारखं दिसतं, म्हणून तिने पहाटेची वेळ धरली. अंधुक उजेडात कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून चार सेकंद शटर उघडं ठेवायचं. पहिल्यांदा वाऱ्याने फांदी हलली. मग डास चावला आणि तीच हलली. एकविसाव्या वेळी मात्र वारा, डास आणि फांदी या तिघांनाही एकदम दया आली.

संध्याकाळी तिने तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. शेजारच्या खुर्चीत सासरे चहाची वाट बघत होते. गुडघ्याच्या ऑपरेशनला पाच महिने होऊन गेले तरी ते जागचे हलत नव्हते. "पायांचे नुसते ओंडके झालेत गं," म्हणायचे आणि टेबलावरचा चष्मासुद्धा हातात मागायचे.

फोटो भलताच काळा आला होता. सावल्या उजळायची पट्टी तिने थोडी सरकवली, तसं झाडाचं खोड दिसायला लागलं. आणखी सरकवली. खोडामागे सासरे उभे होते. काठी काखेत मारून, चवड्यांवर उंच होऊन, फुलांत नाक खुपसून.

तिने स्क्रीन गपचूप त्यांच्याकडे वळवला. सासरे बराच वेळ निरखत राहिले.

"पोट जरा जास्तच दिसतंय," ते म्हणाले.

"आणि पाय, बाबा?"

"पाय चांगले आलेत."

"पाच महिने मी तुमच्या पायांत मोजे चढवतेय."

"ते मात्र चुकलंच माझं." त्यांनी आवाज खाली आणला. "पण पाय बरे झाले म्हटलं की थोरला न्यायला येणार. ऑपरेशनच्या वेळीच ठरलंय तसं. त्याच्याकडे खिडकीतून समोरच्यांचं धुणं दिसतं. इथे पाच पावलांवर रान आहे. चांगला रोज पहाटे फिरत होतो, तर तू कॅमेरा घेऊन हजर."

धाकटीला राग आला होता आणि हसूही येत होतं. मोजे आपले आपण घालायचे, चहा आपला आपण करायचा, एवढं तिने कबूल करून घेतलं. मग पट्टी मागे ओढली. सासरे हळूहळू काळोखात विरघळले. फुलांवरचा पिवळेपणा तिने काढला, अंधारामुळे आलेला रवाळपणा पुसला, आणि फोटो देऊन टाकला.

प्रदर्शनाला सगळं घर गेलं. सासऱ्यांची चाकांची खुर्ची थोरला ढकलत होता. परीक्षक एकेका फोटोसमोर थांबून बोलत होते. धाकटीच्या फोटोपाशी ते म्हणाले, "फुलं सुरेख आहेत. पण मागे निव्वळ काळोख. संपादनात सावल्या उजळायला हव्या होत्या. यांना ते जमलेलं दिसत नाही."

"जमलेलं नाही?" सासरे म्हणाले, आणि उठले. दहा ढांगांत सभागृह ओलांडून ते परीक्षकांच्या पुढ्यात उभे राहिले. "तिला सगळं जमतं. त्या काळोखात मी आहे."

परीक्षक फोटोला नाक लावून बघायला लागले. धाकटीचा नवरा बायकोकडे बघायला लागला. थोरला रिकामी खुर्ची धरून तसाच उभा होता.

"बाबा, कधीपासून चालताय?"

"झाले तीनेक महिने."

"आमच्याकडे काय कमी होतं?" थोरल्याने अगदी हळू विचारलं. सासऱ्यांनी परत येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बक्षीस दुसऱ्याच कुणीतरी काढलेल्या ओढ्याच्या फोटोला मिळालं. घरी आल्यावर बरीच बोलाचाली झाली. शेवटी सासऱ्यांनी धाकट्याकडेच राहायचं आणि दर रविवारी पायी थोरल्याकडे जेवायला जायचं ठरलं. पहिल्या रविवारी थोरला स्वतः न्यायला आला. वाटेतला चढ लागला तशी त्यालाच धाप लागली, आणि सासरे दोनदा त्याच्यासाठी थांबले.