लाकडाचा डावा पाय

मित्रांनो, मी लाकडाचा एक पाय आहे. डावा, आणि आता बराच जुना. बूट शिवणारे मला कलबूत म्हणतात. ते माझ्यावर कातडे ताणतात, बुटाला आकार देतात आणि बूट तयार झाला की मला आतून ओढून काढतात. मग बूट जगभर हिंडतो आणि मी फळीवर परत येतो.

फळीवर माझ्यासारखी पुष्कळ कलबुते आहेत, पण ती कुणा एकाची नाहीत. मी मात्र एकाच पायासाठी घडलो. माझ्या मालकांच्या थोरल्या मुलीचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला होता; करंगळी शेजारच्या बोटाखाली दडलेली. बाजारातला कोणताही बूट तिला चावे. म्हणून मालकांनी जुन्या चौकटीचे मुरलेले लाकूड निवडले आणि कानशीने घासून मला तिच्या पायासारखे केले.

दर वर्षी शाळा उघडण्याआधी ते तिला दुकानातल्या स्टुलावर बसवत, पाय कागदावर ठेवत आणि कडेने पेन्सिल फिरवत. तिला गुदगुल्या होत आणि रेघ हमखास वाकडी जाई.

"हलू नकोस गं, नाहीतर सहा बोटांचा बूट होईल."

"होऊ दे. एक बोट धाकटीला देईन."

पाय वाढला असेल तितकी कातड्याची पातळ चकती मालक माझ्या टोकाला चिकटवत. अशा रीतीने मीही तिच्याबरोबर वाढत गेलो. धाकटी दाराला टेकून हे सारे पाहत असे.

"बाबा, माझा लाकडी पाय कधी करणार?"

"तुझा पाय सरळ आहे, राणी. सरळ पायाला फळीवरचं कुठलंही चालतं."

उत्तर अगदी खरे होते. धाकटीचा चेहरा मात्र ते ऐकून कधी उजळला नाही.

थोरली डावी टाच जरा ओढून चाले. फरशीवर आधी एक ठोका पडे, मग घासल्याचा आवाज येई. मालक पाठमोरे बसलेले असत, तरी मान न वळवता म्हणत, "या, थोरल्या बाई." बसचे एक कंडक्टर नेहमीचे गिऱ्हाईक होते. ते थट्टा करत, "लेकीचं पाऊल बरं ओळखता. बायकोचं कधी ओळखलंत का?"

"ते ओळखता आलं असतं, तर लग्नाआधीच पळालो नसतो का?" मालक म्हणत, आणि आतल्या खोलीत त्यांच्या पत्नीचे भांडे मुद्दाम जोरात आपटे.

एका वर्षी तिच्या नव्या बुटाचे कातडे माझ्यावर चढलेले असतानाच थोरली तापाने फणफणली. ताप मेंदूत गेला, असे इस्पितळातून परतलेली माणसे सांगत होती. ती परतली नाही.

तिची आई रडली. येईल त्याच्या गळ्यात पडून रडली. मालक रडले नाहीत. भेटायला आलेले लोक म्हणाले, काळासारखे औषध नाही. मालकांनी मान डोलावली. ते रोज दुकान उघडत आणि हातात आरी घेऊन नुसते बसत. अर्धवट बूट माझ्यावर तसाच होता. कातडे वाळून माझ्या अंगाला घट्ट बसले होते.

वर्षभराने पुन्हा शाळा उघडायची वेळ जवळ आली, तेव्हा मालकांनी मला खाली घेतले. त्या बुटाला तळ लावला, टाच ठोकली, उजव्या पायाचाही शिवला आणि धाकटीला हाक मारली.

"हे घे. तुझ्यासाठी."

धाकटी आता तेवढीच उंच झाली होती. माझ्यावर घडलेला बूट आपल्या वाट्याला यावा म्हणून ती किती वर्षे थांबली होती, हे मला ठाऊक होते. तिने घाईघाईने नाडी बांधली आणि ती चालू लागली. सरळ पाय वाकड्या बुटात कसा चालणार? फरशीवर आधी ठोका पडला, मग घासल्याचा आवाज आला.

मालक पाठमोरे होते. त्यांचा हात थांबला.

"या, थोरल्या बाई," ते म्हणाले.

धाकटी जागीच थबकली. क्षणभराने ती तशीच, टाच ओढत, त्यांच्याजवळ गेली.

त्या दिवसापासून मालक जेवू लागले, कामाला हात घालू लागले. कंडक्टर म्हणाले, "सावरलात हो." आईलाही तसेच वाटले. पुढच्या वर्षी मालकांनी कुणाचाही पाय न मोजता माझ्या टोकाला आणखी एक चकती चिकटवली आणि दुसरा जोड शिवला. धाकटी तोही घालून रोज शाळेतून आधी दुकानात येई. मालक मान न वळवता तेच तीन शब्द म्हणत.

एकदा पावसात भिजून आलेल्या लेकीला आईने तिथेच स्टुलावर बसवले आणि तिचा मोजा ओढून काढला. पाय जागोजागी सोलवटला होता.

"अगं, हे काय झालंय पायाचं? बोलली का नाहीस?"

"थोडंसंच चावतं."

"हे थोडंसं? बाबांना नाही सांगायचं?"

"नको ना आई. हे घातले की बाबा बोलतात."

मग आई नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "एक गेली. हिचा पाय तरी हिला राहू द्या."

मालक उठले. त्यांनी फळीमागून मुरलेल्या लाकडाचा एक ठोकळा काढला, कागद अंथरला आणि धाकटीचा उघडा पाय त्यावर ठेवला. ती जराही हलली नाही. पेन्सिल टाचेपासून निघाली, कडेने पुढे आली आणि करंगळीपाशी थांबली. माझ्या बुटांनी तिची करंगळी शेजारच्या बोटाखाली दडपली होती. मालक त्या रेघेकडे पाहत राहिले. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ती पुन्हा उचलली नाही.

तो ठोकळा आजही ठोकळाच आहे. बूट शिवणाऱ्याच्या मुलीसाठी आईने बाजारातून सैल बूट आणले. मालक गिऱ्हाइकांचे तळ बदलून देतात, पण नवा बूट शिवत नाहीत. मी खिळ्याला टांगलेला आहे. माझ्या चकत्या एकेक करून सुटत आहेत.

मित्रांनो, दुःखावर उपाय सांगण्याइतका मी शहाणा नाही. या दुकानात तो कुणाला सापडला नाही. एवढीच विनंती करतो, की घरातले कुणी गेले तर राहिलेल्यांकडे नीट पाहा. मोठ्याने रडणाऱ्याला पाणी द्यायला सगळे धावतात. निमूटपणे चालणाऱ्या मुलाच्या पायातला बूट मात्र एकदा काढून पाहावा लागतो.

धाकटी अजून शाळेतून आधी दुकानातच येते. बूट सैल आहेत, जखम भरली आहे. तरीही उंबऱ्याच्या आत आली की एक ठोका पडतो, मग घासल्याचा आवाज येतो. मालक पाठमोरे असतात आणि आता काहीच म्हणत नाहीत. तिचा पाय अजून दुखतो, की ती अजून वाट पाहते? मला कळत नाही. मी तिच्या पायाचा कधी नव्हतोच.