त्रिवेणीच्या भाषणाजवळचा पंखा

मी एक जुना स्टँडचा पंखा आहे. तेलुगू मुलखात, नल्लकुंट्यातल्या मराठी मंडळाच्या सभागृहात, व्यासपीठाच्या पायरीशी माझी जागा आहे. मित्रांनो, बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाला वारा लागावा म्हणून मला तिथे ठेवले आहे. त्यामुळे समोर बसलेल्यांना जे दिसत नाही, ते मला दिसते. टेबलामागे एका पायावरून दुसऱ्या पायावर होणारी चुळबुळ मला दिसते. ओढणीचे टोक पिळणारी बोटे दिसतात.

माझा जन्म कुकटपल्लीच्या एका लहान कारखान्यात झाला. पत्र्याची पाती, लोखंडी जाळी, जड बैठक, वेगाची तीन बटणे आणि बंद करायचे एक. तपासणाऱ्या कामगाराने मला लावून पाहिले, कान जवळ आणला आणि शेजारच्याला सांगितले की याचा आवाजच नाही. ती माझी पहिली शाबासकी. पुढे तसे कोणी म्हणाले नाही.

मला इथे आणले हिम्मतरावांनी. ते शाळेत शिक्षक होते. दर रविवारी सकाळी ते या सभागृहात मुलांना भाषण करायला शिकवत. कागद हातात धरायचा नाही आणि पाठ केलेले म्हणायचे नाही, एवढे दोनच नियम होते. मुले घामाने भिजून जात, म्हणून त्यांनी माझे तोंड श्रोत्यांकडून व्यासपीठाकडे वळवले. स्वतःकडे वारा येत नाही म्हणून पालक कुरकुरत. हिम्मतराव ऐकत नसत. ज्याला भीती वाटते त्याला वारा, असे ते म्हणत. त्या काळात वर्ग संपला की ते स्वतः माझी जाळी उघडून पाती पुसत आणि तेलाचे दोन थेंब सोडत.

मग ते थकले. वर्ग चालू राहिला, पण तेल कोणी सोडेना. माझे बेअरिंग झिजले. मी खडखडू लागलो. जाळीवर धुळीची लव चढली. त्याच सुमारास हिम्मतरावांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज गेला. ज्यांनी एवढ्या मुलांना बोलते केले, ते आता पाणी हवे असले तरी पेल्यावर चमचा वाजवतात.

आता वर्ग अनुराधा मॅडम घेतात. त्या मूळच्या पुण्याच्या. आठवडाभर कंपनीत काम आणि रविवारी सकाळी इथे. हिम्मतरावही येतात, पत्नी सुशीलाबाईंच्या सोबत, आणि बाजूच्या खुर्चीवर बसतात. त्यांची नात त्रिवेणी वर्गात आहे. नववीत शिकते.

गेल्या वर्षी मंडळाने हिम्मतरावांचा सत्कार करायचे ठरवले आणि तिथून माझी काळजी सुरू झाली. आमच्याकडे रीत अशी की शाल आणि नारळ घेतल्यावर सत्कारमूर्तीने उत्तर द्यायचे. उत्तराशिवाय सत्कार पुरा होत नाही. मंडळाचे सचिव एकनाथराव घरच्यासारखे. त्यांनी सुचवले की उत्तर राहू द्या, मीच दोन शब्द बोलून टाकतो. हिम्मतरावांनी नकारार्थी मान हलवली आणि त्रिवेणीकडे बोट दाखवले.

एकनाथरावांना ते पटेना. कारण त्रिवेणीचा आवाज कोणालाच ऐकू येत नसे.

ती उभी राही, ओठ हलत, हातही हलत, पण शब्द पहिल्या रांगेपर्यंत जेमतेम पोचत. मला तर फक्त ओठ दिसत. माझ्याच खडखडाटात तिचे काही ऐकू येत नसे. वर्गातला अमेय एकदा म्हणाला, "मॅडम, हिच्या भाषणाला सबटायटल लागतील."

त्रिवेणीने तिथल्या तिथे सुनावले, "तू नको ऐकू. पंखा ऐकतोय."

सगळे हसले. सुशीलाबाई तर सर्वांत जास्त. "हौ, पंख्यापुढं लई बोलती. घरी दार लावून बसती," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी तिचे बोलणे चालू असताना वीज गेली. मी थांबलो आणि त्याच क्षणी त्रिवेणीही थांबली. पुन्हा सुरू कर, असे मॅडमनी दोनदा सांगितले. तिने तोंड उघडले आणि मिटले. वीज आली, मी फिरू लागलो, आणि ती अडली होती त्याच वाक्यापासून बोलू लागली.

मॅडमच्या ते लक्षात आले. ही मुलगी माझ्या आवाजामागे उभी राहून बोलत होती. आपले आपल्याला ऐकू येत नाही तोवर तिला भीती नव्हती.

वर्ग सुटल्यावर मॅडमनी तिला थांबवून घेतले आणि विचारले, उत्तराचे भाषण नको असेल तर मी हिम्मतरावांशी बोलू का. त्रिवेणी बराच वेळ माझ्या वायरीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मी गप्प उभी राहिले तर लोक म्हणतील, यांनी गावाला शिकवलं आणि घरात कोणालाच नाही. आजोबांना तर काही म्हणताही येणार नाही."

त्यानंतर मॅडमनी एक वेगळी पद्धत सुरू केली. पुढच्या रविवारी मला तीनऐवजी दोनवर ठेवले. त्रिवेणी अडखळली, तरी बोलली. आणखी काही रविवारांनी एकवर आणले. आता तिचे तुटक शब्द माझ्यापर्यंत येऊ लागले. पण चौथे बटण दाबले की सगळे संपे. मी बंद होई आणि ती आपला आवाज ऐकून दचके. मॅडम पुन्हा एकवर आणत. सत्काराचा दिवस आला तेव्हाही आम्ही एकवरच होतो. शेवटी मॅडमनी ठरवले की त्या दिवशी पंखा एकवर चालू ठेवायचा. त्रिवेणीला तसे वचन दिले.

मित्रांनो, यंत्राला धडधडणारे काळीज नसते, असे तुम्ही म्हणाल. त्या संध्याकाळी माझी मोटार नेहमीपेक्षा लवकर तापली, एवढे मी सांगू शकतो.

सभागृह भरले होते. हिम्मतरावांचे जुने विद्यार्थी आले होते. काहींची मुले आता याच वर्गात आहेत. शाल झाली, नारळ झाला, टाळ्या झाल्या. एकनाथरावांनी उत्तरासाठी त्रिवेणीचे नाव पुकारले. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तेवढ्यात व्हिडिओवाला कानावरचा हेडफोन सरकवत पुढे आला.

"फॅन बंद करो साब. साउंड में घर्र-घर्र आरा."

मॅडम खुर्चीतून उठेपर्यंत एकनाथरावांनी माझे बटण दाबलेही होते. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना आमचे ठरलेले ठाऊक नव्हते.

माझी पाती हळूहळू थांबली. इतकी शांतता मी त्या सभागृहात कधी अनुभवली नव्हती. त्रिवेणीने माझ्याकडे पाहिले. मग मॅडमकडे. ती टेबलामागे ओढणीचे टोक पिळत होती आणि ते फक्त मलाच दिसत होते. ती काहीतरी बोलली. मागून कोणीतरी म्हणाले, आवाज येत नाही. ती पुन्हा बोलली, आधीपेक्षाही हळू. लोक एकमेकांकडे पाहू लागले. एकनाथराव तिच्याऐवजी बोलायला अर्धे उठले.

तेवढ्यात हिम्मतराव उठले. अंगावर शाल, हातात नारळ. सत्कारमूर्ती खुर्ची सोडून निघालेले पाहून एकनाथराव "अहो, अहो" करत राहिले. हिम्मतराव सावकाश पायऱ्या उतरले, माझ्याजवळून गेले, सगळ्या रांगा ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. तिथल्या खुर्चीत बसले, नारळ मांडीवर ठेवला आणि कानामागे हात धरला.

त्रिवेणीने त्यांच्याकडे पाहिले. आता तिच्या लेखी समोर दुसरे कोणी नव्हते.

"आजोबा, हे उत्तर तुमचं आहे," ती म्हणाली. "ऐकू नाही आलं तर हात वर करा."

हिम्मतरावांनी लगेच हात वर केला. लोक हसले. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटले, मोठ्याने. पुन्हा हात. शिकवताना ते कोणाला सवलत देत नसत. नातीलाही दिली नाही. तिसऱ्यांदा ती जवळजवळ ओरडलीच, आणि तेव्हा हात खाली आला.

मग ती बोलली. आवाज फाटत होता, मध्येच घोगरा होत होता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत जात होता. आजोबा पेल्यावर चमचा वाजवतात तेव्हा पाण्यासाठी कसा आणि टीव्हीचा आवाज कमी करण्यासाठी कसा, ते तिने सांगितले. आजीवर रागावले की कसा, तेही सांगितले. सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मध्ये दोनदा हात वर गेला आणि दोन्ही वेळा तिने वाक्य पुन्हा मोठ्याने म्हटले.

शेवटी ती म्हणाली, "आजोबा सांगायचे, सत्काराचं उत्तर लहान पाहिजे, लोक जेवायचे थांबलेले असतात. म्हणून एवढंच. त्यांच्याकडं शिकलेले इथं खूप जण बसलेत. तुम्ही बोलता ते मला आजोबांचंच बोलणं वाटतं. आजोबा आभारी आहेत. मीपण."

टाळ्या वाजत असताना अनुराधा मॅडम माझ्या जाळीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचा तळवा ओला होता.

मित्रांनो, इतकी वर्षे मी या व्यासपीठाशी उभा आहे. असंख्य मुले माझ्यासमोर बोलली आणि मी त्यांना वारा घातला. पण खडखडू लागल्यापासून एखादे भाषण पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मी त्या संध्याकाळी प्रथमच ऐकले.

आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना कधीतरी पुसा, तेल घाला. आम्ही तुमच्या खूप उपयोगी पडू. आणि एक मागणे आहे. तुमच्या वर्गात, घरात कोणी हळू बोलणारे असेल आणि ते बोलायला उभे राहिले, तर त्याला मोठ्याने बोल म्हणण्याआधी उठून पंखा बंद करा. थोडे उकडेल. तेवढे सोसा.