सगुणाबाईचं हसू

नीलमच्या कामात खोट म्हणून काढायची तर एकच होती. तिला हसू आवरत नसे.

अमरावतीच्या एका खासगी कापूस संग्रहालयात ती दीडशे वर्षांपूर्वीची मजूर बाई व्हायची. नऊवारी लुगडं नेसून, कपाळावर गोंदणाचे ठिपके काढून लाकडी यंत्रापाशी बसायची. एका हातानं दांडा फिरवत दोन रुळांमधून कापूस ओढायची आणि भोवती जमलेल्या शाळेच्या मुलांना सांगायची, "मी सगुणा. दिवसभर सरकी काढाची, हेच काम हाय माहं." मुलं तोंड उघडं टाकून बघत.

तिचे जोडीदार शेषरावजी. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरी करून ते निवृत्त झाले होते. डोळे घारे, रंग लालगोरा. त्यामुळे साहेबाचा कोट, टोपी आणि डिंकानं चिकटवलेल्या सोनेरी मिशा त्यांच्याकडे आपसूक आल्या. इंग्रजी तेवढं चार शब्दांपलीकडे जात नव्हतं.

या दोघांना अकोल्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यात मुंबईची मंडळी मालिकेचं शूटिंग करत होती. कुलदीप नावाचा त्यांचा सहायक फोनवर म्हणाला, "तुमचेच कपडे घालून या. आमच्याकडे कमी पडताहेत."

मग काय! सकाळी आठच्या एसटीत लुगड्यातली सगुणा आणि टोपीवाला साहेब शेजारी शेजारी बसले. शेषरावजींनी ज्येष्ठांचं अर्धं तिकीट मागितलं. कोवळ्या कंडक्टरनं आधार कार्ड पाहिलं, मग मिशा पाहिल्या, मग पुन्हा कार्ड पाहिलं.

"हा फोटो तुमचा व्हय?"

"माहाच हाय नं बे! मिशा ओढून पाह्य!"

मागच्या बाकावरच्या आजींनी खरंच हात पुढे केला. बडनेऱ्याला नीलमला जे हसू सुटलं, ते मूर्तिजापूर आलं तरी थांबेना.

कारखान्यात चाळीस बायका लाकडी यंत्रांपाशी दोन रांगांत बसवल्या होत्या. सगळ्या जवळपासच्या वस्तीतल्या. पहिल्या रांगेत मालिकेची नायिका आचल, तिच्या शेजारी नीलम. प्रसंग असा : रांगांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं साहेब येतो, "फास्टर! फास्टर!" असं खेकसतो आणि बायका भीतीनं माना खाली घालतात.

कॅमेरा सुरू झाला. शेषरावजी रुबाबात आले. पण दोन्हीकडे बसलेली माणसं आणि मधे अरुंद वाट पाहिल्याबरोबर त्यांचं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. छाती फुगवून ते गरजले, "चला, पुढं सरका! पुढं सरका! मधात जागा हाय!"

नीलमला हसू फुटलं. तिच्यामागे आचलला, मग चाळीसच्या चाळीस बायकांना. एकीच्या तोंडातून तर पान उडालं.

दुसऱ्या वेळी शेषरावजींनी "फास्टर" अगदी बरोबर म्हटलं. पण ते तोंड उघडायच्या आतच नीलमचे खांदे हलायला लागले होते. तिसऱ्या वेळी दिग्दर्शकानं बोट दाखवलं. "त्या ताईंना बाहेर बसवा."

नीलम बाहेर कडुनिंबाखाली बसली. तोंडात पदर, डोळ्यांत पाणी. ते हसण्याचं की लाजेचं, तिचं तिलाच कळेना. संग्रहालयाचं नाव घेऊन आलो आणि हे काय करून बसलो! सगुणासारख्या बायांनी खरंच हाल काढले होते. त्यांचा अपमान तर नाही ना झाला आपल्या हातून?

तेवढ्यात कुलदीप धावत आला. "ताई, चला लवकर! मशीन अडलंय."

आत आचलच्या यंत्रात कापसाचा बोळा अडकला होता. ती दांडा उलटा फिरवत होती आणि कापूस सुटायच्या ऐवजी तिचा पदरच आत चालला होता. नीलमनं आधी पदर सोडवला, मग बोळा काढला आणि सवयीनं बसून कापूस लावला. रूळ कुरकुरले. एका बाजूनं पांढरी रुई बाहेर पडू लागली, दुसऱ्या बाजूनं सरकी टपटपली.

दिग्दर्शक वाकून पाहत राहिला. "हे हात मला हवेत. अगदी जवळून. पण ताई, हसायचं नाही. त्या काळच्या बायका हसत नव्हत्या."

नीलमनं मान वर केली. आता मात्र ती अजिबात हसत नव्हती. "काहून नाही हसत, दादा? चाळीस बाया एका जागी बसल्या अन् साहेबाची पाठ फिरली, तर हसल्याच असतीन नं? हसल्या नसत्या तं दिस कसा गेला असता त्यायचा?"

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "खरं हाय बाप्पा."

दिग्दर्शकानं डोकं खाजवलं. "बरं. कॅमेऱ्यात फक्त हात येतील. आवाज नको. बाकी हसा कितीही, पण हात चुकता कामा नयेत."

शेषरावजी समोरून टोपी सावरत गेले. नीलमचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून धारा लागल्या, पोट दुखून आलं. शेजारी आचल तिच्या पाठीत तोंड खुपसून बसली होती. आणि त्या सगळ्या दाबलेल्या हसण्याखाली दोन हात शांतपणे कापूस ओढत होते, दांडा फिरवत होते. एकदाही चुकले नाहीत.

"ओके!" असं ऐकल्यावर चाळीस बायकांनी टाळ्या पिटल्या.

दुपारी अकोल्याच्या बस स्टँडवरून तिनं नवऱ्याला, धर्मेंद्रला, फोन लावला.

"आवो, मी टीव्हीवर येऊन राहिली!"

"काय सांगतं! पूर्ण दिसशीन?"

"नाही. बोटांपासून मनगटालोक."

पलीकडून धर्मेंद्र अगदी काळजीनं म्हणाला, "मंग मेहंदी काहून नाही काढली व?"

नीलम फोन कानाला धरूनच फरशीवर बसली. "काय झालं व? काय म्हणून राहिला तो?" असं शेषरावजी विचारत होते आणि तिला सांगताच येत नव्हतं. अमरावतीची गाडी लागली, भरली आणि निघूनही गेली.