मार्थाबाईचा नाडा

"उचल बेलभंडारा आन् बोल, बारा वरसं हितलीच हाय म्हणून! काय जड हाय त्यात?" आप्पाराव पाटील वैतागून म्हणाले.

चावडीच्या पायरीखाली, उन्हात, मार्थाबाई उभी होती. पुढे मातीत ताट ठेवलेलं; ताटात हळदीचा भंडारा आणि त्यावर महादेवाच्या देवळातलं बेलाचं पान. नुसता हात लांब करायचा होता. पण ही बाई कसली ऐकते! तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते.

"न्हाई पाटील. मी किरिस्ताव हाय."

"मग तुझी किताब आण, तिची शपथ घे," वर लोडाला टेकलेला पेशकार म्हणाला.

"तिची बी न्हाई, सरकार. येशूबाबानं शपत वाहूच नगा म्हणून सांगितलंय. मी हितंच ऱ्हाते, ह्ये खरं हाय. खऱ्याला शपत कावून लागावी?"

पेशकाराने कपाळावर हात मारून घेतला.

तहसीलदाराच्या हाताखालचा हा पेशकार बीडहून नवाच आलेला, आणि नव्याला हौस दांडगी. इंग्रजी मुलखातून निजामाच्या राज्यात आलेल्या प्रत्येकाने बारा वर्षांचा रहिवास शपथेवर सांगावा, म्हणजे तो मुल्की. नाहीतर गैरमुल्की, आणि त्याला आठवड्यात सरहद्दीपार, असा हुकूम त्याने आपल्या डोक्याने काढला होता. मार्थाबाई मूळची नगरकडची, म्हणजे इंग्रजी मुलखातली. मोठ्या दुष्काळात नवऱ्याबरोबर नेकनूरजवळच्या या गावात आली आणि इथलीच झाली. नवरा तात्याबा प्लेगात गेला. ओढ्याकाठी त्याची कबर होती आणि कबरीशेजारीच बसून ती केतकीच्या वाखाचे नाडे, म्हणजे मोटेचे जाड दोर, वळायची.

गावातल्या एकाही विहिरीवर तिला पाय ठेवायची मुभा नव्हती, आणि जिच्यात तिचा नाडा उतरत नाही अशी एकही विहीर नव्हती. सगळ्यांच्या मोटा तिच्याच नाड्यावर चालत. नाडा घेताना मात्र लोक तिला तो जमिनीवर ठेवायला लावत. ती मागे सरली की मग उचलत. मळेवाला शहादेव तर वर नावंही ठेवायचा. हा बारीक, तो खरबरीत! दर खेपेला भांडण ठरलेलं.

"सरकार," मार्थाबाई म्हणाली, "आमचा येशूबाबा तान्हा आसताना राजा त्येच्या जिवावर उठला. आईबाप त्येला घिऊन परमुलखात पळाले. तितं कुनी मुल्की का गैरमुल्की इचारत बसलं आसतं, तर लेकरू वाचलं आसतं का?"

बोलली खरी, पण तिला ओढ्याकाठची कबर आठवली. तात्याबाला एकट्याला मागे टाकून जायचं? या वयात कुठे जायचं? तिची नजर ताटाकडे गेली. हात पदरातून अर्धा बाहेर आला. चिमूटभर हळदीचा तर प्रश्न होता! मग तिने डोळे मिटले आणि हात पुन्हा आत ओढून घेतला.

"शपथ नाही तर सरहद्दीपार," पेशकार म्हणाला. "मग माझा इलाज नाही."

"सरका बे!" गर्दीतून आवाज आला. शहादेव माणसं ढकलत पुढे आला. "तिला शपत चालत न्हाई ना? मला चालती." आणि त्याने मूठभर भंडारा उचलला. "बारा वरसं झाली, ही बाई ह्याच गावची हाय. खोटं आसंल तर माजं वाटुळं हो!"

पाटलांचं तोंड उघडंच राहिलं. "शहादेवा, तू तर रोज भांडतोस बे तिच्यासंगं!"

"मग? आपल्या गावच्या मानसाशी न्हाई भांडायचं, तर काय परमुलखात जाऊन भांडू?"

सगळी चावडी हसली. शहादेव मात्र हसला नाही. "मागल्या साली माजा बैल हिरीत पडला, तवा गावानं वढून काढला त्यो हिच्याच नाड्यानं. पीळसुदिक उलगडला न्हाई. तिला बोललो न्हाई, न्हाईतर डोक्यावर बसली आसती!"

त्याची बायको कौशल्याबाई कमरेवरची घागर खाली ठेवून पुढे आली. "मी बी उचलते." तिच्यामागे आणखी कोणी, मग आणखी कोणी. भंडारा संपला, तेव्हा एकजण देवळाकडे पळाला. "अरे, एक साक्ष बस होती!" पेशकार ओरडत होता, पण ऐकतंय कोण! शेवटी पाटीलही उठले. गाव उचलतंय आणि पाटील बसलेत, हे बरं दिसलं नसतं. "लिहा, मुल्की," पेशकाराने कारकुनाला सांगितलं आणि घाम पुसला. मार्थाबाई तिथेच मातीत बसली आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

दिवस कलता शहादेव ओढ्याकाठी आला. खांद्यावर जुना नाडा होता.

"मधीच इरलाय. कसला केलतास गं नाडा?"

"मोटंला लावलातास का हत्तीला?" मार्थाबाई म्हणाली आणि सवयीने मागे सरली, त्याने खाली ठेवावा म्हणून.

शहादेवने ठेवला नाही. तो तसाच हात पुढे करून उभा राहिला. "धर की, मार्थाबाई. किती येळ उभं करतीस?"

तिने दोन्ही हात पुढे केले. त्याने नाडा तिच्या हातात दिला. त्याच्या तळव्याची हळद अजून गेली नव्हती. ती तिच्या बोटांना लागली.

तो गेल्यावर ती बराच वेळ हाताकडे बघत राहिली. "ऱ्हायलो बग आपुन हितंच," ती कबरीकडे बघून म्हणाली. मग तिने विरलेला भाग उलगडला, नवा वाख घेतला आणि हात न पुसताच पहिला पीळ दिला.