फूसलॉयफिग किनारा

मनोरमाबाईंचा उजवा गुडघा दिवाळीतच बोंबलला होता, पण ही बातमी मिरजेबाहेर जाऊ नये याची त्यांनी चोख व्यवस्था केली होती. शेजारच्या नंदिनीला शपथ घातली. लेकाशी व्हिडिओ कॉल करायचा तो कायम बसून. आणि जर्मनीला यायची वेळ आली तेव्हा विमानतळावरच्या व्हीलचेअरला सपशेल नकार. "मला काय धाड भरलीये?" एवढं बोलून बाई मुंबईपासून म्युनिकपर्यंत दात आवळून चालल्या.

यामागे कारण होतं. देवदत्त, त्यांचा एकुलता एक, हेर्त्सोगेनआउराखला इंजिनिअर होता. मिरजेचं घर विकायचं आणि आईला कायमचं इकडे आणायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. व्हिसाचं काय ते आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, विचारूनही आला होता. मुलगा वाईट नव्हता हो, तीच तर पंचाईत होती! वाईट मुलाशी भांडता तरी येतं. हा रोज सकाळी आईला चहा करून द्यायचा, पांघरूण घालायचा आणि म्हणायचा, "तिथे एकटी पडलीस-झडलीस तर कोण बघणार?" मनोरमाबाईंना त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात खिडकीतून एक पार्किंग दिसायचं आणि दिवसभरात एक मांजर. बोलायला माणूस नाही. परत जाईन तेव्हा पहिल्यांदा ओट्यावर बसून मोठ्याने कुणाच्या तरी नावाने हाक मारीन, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"परतीचं तिकीट आहे ना तुझं," देवदत्त म्हणाला होता. "आधी क्रूझला जाऊन येऊ. तू कशी हिंडतेस-फिरतेस ते बघू, मग ठरवू."

म्हणजे ही सहल नव्हतीच. परीक्षा होती.

जहाज कीलहून निघालं. तिसऱ्या दिवशी जहाज कंपनीचा स्वतःचा किनारा होता. बाल्टिक समुद्रातल्या एका जर्मन बेटाचा तुकडा कंपनीने घेतलेला, दुसऱ्या कुणाला तिथे पाऊल टाकायची परवानगी नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, कुणाला चालायला त्रास आहे का? असेल तर निळा पट्टा मिळेल, धक्क्यावरून बॅटरीची गाडी सोडेल.

"आई, घ्यायचा का पट्टा?" सून संपदाने विचारलं.

"छे! कशाला?"

"गरजच नाही," देवदत्त माहितीपत्रक वाचत म्हणाला. "किनारा फूसलॉयफिग आहे."

"काय आहे?"

"फूसलॉयफिग. म्हणजे चालत जाता येईल इतका जवळ."

मनोरमाबाईंना तो शब्द फुसलावल्यासारखा वाटला, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नव्हतं. मिरजेत चालत जाता येईल इतकं जवळ म्हणजे समोरचा भाजीवाला. जर्मनांचं जवळ निराळं. ही माणसं रविवारी करमत नाही म्हणून जंगलात चार तास चालून येतात! त्यात देवदत्त इतकी वर्षं इथे राहून त्यांच्यातलाच झालेला.

धक्का संपता संपेना. समुद्रात आत गेलेला लांबच लांब लाकडी पूल, वर ऊन, बाजूने वारा. शेजारून ती बॅटरीची गाडी निळे पट्टेवाले म्हातारे घेऊन डुलत डुलत पुढे गेली. त्यातल्या एका आजींनी हात हलवला तेव्हा मनोरमाबाईंना त्यांचा चक्क हेवा वाटला. पूल संपला तर फळ्यांची वाट, फळ्या संपल्या तर वाळू. वाळूत गुडघा आत-बाहेर व्हायला लागला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी वाऱ्यावर ढकललं.

"बघ, अवनी, आजी कशी टुणटुणीत आहे!" देवदत्त मागे वळून म्हणाला.

नऊ वर्षांची नात, अवनी, आजीचा हात धरून चालत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमधूनच यायचं. आजी आल्यापासून दोघींचा एक वाद रंगला होता. अवनी शाळेला निघताना म्हणायची, "आजी, मी जाते." की लगेच आजी दटावायची, "जाते म्हणू नये गं! निघताना येते म्हणावं."

"आबर इख गेए दोख!" म्हणजे, पण मी तर जातेय! असं अवनी हुज्जत घालायची.

"तरीही येतेच म्हणायचं. जातो तो परत न येणारा."

शेवटी पोरीने ते पाठ करून टाकलं. निघायचं असलं की येते. तिच्या वहीतल्या व्याकरणापेक्षा पक्कं.

किनाऱ्यावर वेताच्या मोठमोठ्या टोपल्या उभ्या करून ठेवल्या होत्या. आत दोघांना बसायला बाक, डोक्यावर छत, तिन्ही बाजू बंद, तोंड समुद्राकडे. याला म्हणे श्ट्रांडकोर्ब म्हणायचं. मनोरमाबाई त्यात मटकन बसल्या आणि पाय सुटल्याच्या सुखात पहिले काही तास बऱ्या गेल्या. संपदाने पुरी-बटाट्याचा डबा उघडला, देवदत्त नि अवनी पाण्यात डुंबले. गार पाण्याने लेक लहानपणीसारखा किंचाळला तेव्हा त्यांना हसूही आलं.

दुपार कलल्यावर वाऱ्याने संपदाचं डोकं धरलं आणि ती पुढे जहाजावर गेली. थोड्या वेळाने परतण्याचा भोंगा झाला. देवदत्त ओले कपडे घेऊन मागच्या बाजूला बदलायच्या खोल्यांकडे गेला आणि मनोरमाबाईंनी उठायला हात टेकले.

गुडघा हलला नाही. बाक खोल, पाय वाळूत रुतलेले. त्यांनी पुन्हा जोर लावला. काही नाही. डालग्याखाली कोंबडी झाकावी तशी त्यांची गत झाली होती, आणि लेक आता कुठल्याही क्षणी येऊन ते बघणार होता.

तेवढ्यात अवनी धावत आली. "आजी, कोम्स्ट दू?" येतेस का, असं ती विचारत होती.

आजीच्या डोक्यात एकच. पोराने बघता कामा नये. तो पुढे गेला की काहीतरी करून, ओणवं होऊन, रांगून का होईना, उठू.

"तुम्ही व्हा पुढे," त्या हसून म्हणाल्या. "मी येते हं."

अवनीने मान डोलावली, आजीला टाटा केला आणि बापाकडे पळाली. निघताना येते म्हणतात. म्हणजे आजी निघाली. तिने बापाला आपल्या पद्धतीने सांगून टाकलं, आजी निघाली, तिने बाय पण केलं. देवदत्तला वाटलं, गर्दीबरोबर पुढे निघाली असेल. टोपल्यांच्या पाठी रस्त्याकडे होत्या, त्यामुळे एका टोपलीत आपली आई बसलीय हे त्याला दिसायचं कारण नव्हतं. दोघं गप्पा मारत धक्क्याला लागले. घ्या! आजीने शिकवलं ते आजीच्याच मुळावर आलं.

किनारा भराभर रिकामा झाला. मनोरमाबाईंनी डावा पाय पुढे घेतला, कडेचा वेत धरला, देवाचं नाव घेतलं, परत आदळल्या. एकदा. पुन्हा एकदा. मग त्यांना तो आवाज ऐकू आला. खडखड, ठक. थोड्या वेळाने पुन्हा, खडखड, ठक. वाकून बघितलं तर रांगेच्या त्या टोकापासून एक बाई प्रत्येक टोपलीच्या तोंडाला लाकडी जाळी लावून कुलूप घालत येत होती. पाठीमागून यायची, न बघता जाळी अडकवायची, पुढे जायची. कानात गाणी असावीत, मान हलत होती.

हाक मारली तर सगळं उघडं पडणार. ही बाई माणसं बोलावणार, माणसं लेकाला बोलावणार, आणि मिरज संपली. नाही मारली तर हे दार लागणार. त्या खरोखर गप्प बसल्या हो! तीन टोपल्या जवळ येईपर्यंत गप्प बसल्या. घरासाठी माणूस किती मूर्खपणा करतं. समोर जहाज दिसत होतं, पांढरंशुभ्र, आणि त्यांना ते मिरजेइतकंच लांब वाटलं.

खडखड, ठक. शेजारची टोपली.

"देवाऽऽ!"

लेकाला लहानपणापासून त्या देवाच म्हणत. आता हाक लेकाला होती की वरच्याला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मिरजेत ओट्यावरून अशी हाक गेली असती तर पाच घरांतून माणसं बाहेर पडली असती. इथे ती टोपलीच्या छताला आपटून सरळ समुद्रात गेली. त्या पुन्हा ओरडल्या. पुन्हा ओरडल्या. जाळी घेऊन ती बाई समोर आली, आत बघितलं, आणि तिच्या हातून जाळीच पडली.

पुढे जे व्हायचं ते झालं. फुगीर चाकांची वाळूतली खुर्ची आली, दोन धटिंगण आले, मनोरमाबाईंना उचलून ठेवण्यात आलं. जहाजात शिरताना जो तो दारात आपलं कार्ड लावतो, त्यात आईचं लागलेलं नाही हे कळल्यावर देवदत्त तो सगळा धक्का उलटा पळत आला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मागे अवनी रडत होती, "झी हाट येते गझाक्ट!" म्हणजे, ती येते म्हणाली होती!

बॅटरीच्या गाडीत तिघं बसली. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच.

"कधीपासून आहे हे?" देवदत्तने विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला परत जाऊ दिलं असतंस?"

गाडी त्या न संपणाऱ्या पुलावरून डुलत चालली. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "आई, तिकीट रद्द करतो. मला भीती वाटते गं. आज जाळी लागली असती तर?"

"लागली असती. इथे लागली असती, देवा, तुझ्यापासून फूसलॉयफिग." त्यांनी मागे राहिलेल्या किनाऱ्याकडे बोट दाखवलं. "मिरजेत मी पडले तर नंदिनी धावत येते, हाक मारायचा अवकाश. तिथे सगळं हाकेच्या अंतरावर आहे. मला चालता येत नाही, ओरडता येतं अजून."

अवनीने नाक पुसलं आणि, कोण जाणे का, आयुष्यात पहिल्यांदा अख्खा प्रश्न मराठीत विचारला, "आजी, कुठे जायचंच नसेल तर काय म्हणायचं?"

मनोरमाबाईंनी नातीकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"मग जाते म्हणायचं," त्या म्हणाल्या. "देवा, मी जाते."

"आई! असं बोलू नये," देवदत्त चटका बसल्यासारखा म्हणाला. हे त्याला कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

"येते म्हणायला, बाळा, आधी जायला मिळावं लागतं."

गाडी जहाजाशी थांबली. एका माणसाने खुर्ची आणली आणि मनोरमाबाई मुकाट्याने तीत बसल्या, सगळ्यांच्या देखत. देवदत्तने खुर्ची स्वतः ढकलायला घेतली. चढावर मध्येच थांबला. त्यांना वाटलं, दमला.

"विमानाला व्हीलचेअर सांगून ठेवू?" त्याने मागूनच विचारलं.

तो काय विचारतोय हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी मागे हात नेऊन त्याची बोटं घट्ट धरली.

"सांग," त्या म्हणाल्या. "येते मी."